पॉलिश चढते की उतरते?

दसरा, दिवाळीचा पाडवा आणि गुढीपाडवा हे व्यापारी घरांत नव्या वाहनाच्या खरेदीचे दिवस. ज्या घरी त्या वर्षी नवी गाडी येत नाही, त्या घरी जुन्या गाडीला नवे रूप देण्याचा विचार निघतो. सातारा, कराड, सांगली आणि मिरज या शहरांत गाडी धुऊन, घासून, चकचकीत करून देणे एवढाच व्यवसाय करणारी दुकाने आता दिसू लागली आहेत. तेथील खर्च काही हजारांपासून सुरू होतो आणि पुढे बराच वाढत जातो. दुकानाची पायरी चढणाऱ्या ग्राहकाच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो, गाडी नव्यासारखी दिसेल का? वस्तुतः त्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. किती चकाकी पुरे, आणि ती मिळविण्यासाठी गाडीचे काय खर्ची पडणार?

एक शब्द, दोन उलट क्रिया

या विषयातील बहुतेक गैरसमज ‘पॉलिश’ या एका शब्दातून निर्माण झाले आहेत. आपण हा शब्द दोन अगदी परस्परविरुद्ध क्रियांसाठी वापरतो.

मिरजेच्या सतारी व तानपुरे यांची कीर्ती जुनी आहे. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे तयार वाद्यावर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचा हात फिरविला जातो. एक पातळ थर वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. हे पॉलिश ‘चढते’. लाकडावर काहीतरी नवे येऊन बसते. तेथेही मर्यादा आहेच, कारण जाड थराने लाकूड जड होते व नाद दबतो. बुटाचे पॉलिश आणि भांड्यांची कल्हई हीदेखील चढविण्याचीच कामे.

सराफाकडे दागिना उजळण्यास दिला तर मात्र उलट घडते. उजाळा म्हणजे वरचा मळकट, चरे पडलेला पृष्ठभाग घासून काढणे. त्यात सोन्याचा सूक्ष्म अंश जातोच. म्हणून तर सराफी पेढीतील झाडलोटीची धूळसुद्धा कोणी फेकून देत नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या भागांतील गलाई व्यावसायिक देशभर विखुरले, ते अशा मिश्र सोन्या-चांदीतून व धुळीतून शुद्ध धातू परत मिळविण्याच्या कसबावर.

गाडीचे पॉलिश या दुसऱ्या जातीचे आहे. ते चढत नाही, उतरते. फिरत्या यंत्रावरील पॅड आणि त्याला लावलेले रबिंग कंपाउंड हे अतिशय बारीक घर्षणद्रव्य असते. ते ओरखड्याच्या दोन्ही काठांचा पृष्ठभाग झिजवून ओरखड्याच्या तळाशी आणते. ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या भोवतालची जमीनच खाली उतरते. सोन्याची धूळ गलाईवाला परत मिळवून देतो, पण पॅडला लागून गेलेला रंग कोणीही परत आणून देऊ शकत नाही.

वहीच्या पानाएवढे मुद्दल

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. गंजापासून रक्षण करणारा पहिला थर विजेच्या साहाय्याने बसविलेला असतो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. रंगकाम करणारे कारागीर त्याला ‘लॅकर’ किंवा नुसते ‘क्लिअर’ म्हणतात. या सर्व थरांची एकत्र जाडी बहुधा १०० ते १४० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कार्यालयात वापरला जाणारा साधा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचे सारे रंगकाम हिशेबाच्या एखाद्या पानापेक्षा फारसे जाड नाही. त्यातील क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन एवढाच, माणसाच्या केसाहूनही पातळ.

गाडीची चकाकी या पारदर्शक थरात असते. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही हाच थर करतो. तो फार पातळ झाला की लगेच काही दिसत नाही. एक-दोन उन्हाळे जातात आणि मग टपावर व बॉनेटवर पांढरट चट्टे उमटू लागतात, क्लिअर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. त्या अवस्थेला कोणतेही पॉलिश उपयोगी पडत नाही. तो भाग पुन्हा रंगविणे हा एकच उपाय उरतो, आणि कारखान्यात भट्टीत भाजलेल्या मूळ रंगाची सर त्याला क्वचितच येते.

हे सारे ठेवीच्या भाषेत मांडता येईल. क्लिअर कोट ही अशी ठेव आहे की जिच्यात नव्याने भरणा होत नाही, व्याज जमा होत नाही, फक्त रक्कम काढता येते. हलक्या पॉलिशमध्ये एखादा-दुसरा मायक्रॉन जातो. जाड कंपाउंड मारून केलेल्या कामात तीन ते पाच, आणि पाण्याच्या पॉलिश पेपरने घासले तर त्याहूनही अधिक जाऊ शकतो. क्लिअर ४० मायक्रॉनचा आहे असे धरू. दरवर्षी सणाला चार मायक्रॉन उतरविले, तर तिसऱ्या वर्षाअखेर १२ मायक्रॉन, म्हणजे सुमारे एक-तृतीयांश मुद्दल गेले. गाडी मात्र दहा-बारा वर्षे वापरावयाची असते. ‘दरवर्षी एकदा रबिंग-पॉलिश’ ही सवलतीची योजना गाडीच्या हिताची का नाही, हे या साध्या गुणाकारातून कळते.

हळदीच्या व्यापाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट

सांगलीच्या मार्केट यार्डात ज्या कुटुंबांची हयात गेली, त्यांना हा हिशेब नवा वाटू नये. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद शिजवून वाळविल्यावर खडबडीत व निस्तेज दिसते. फिरत्या ड्रममध्ये हळकुंडे एकमेकांवर व जाळीवर घासली जातात, साल व मुळ्या झडतात आणि पिवळा रंग खुलतो. हेही उतरणारेच पॉलिश. पूर्ण पॉलिशमध्ये वजनाची तूट साधारणतः ५ ते ८ टक्के आणि अर्ध्या पॉलिशमध्ये २ ते ३ टक्के धरली जाते. म्हणजे १०० क्विंटल मालामागे पाच ते आठ क्विंटल भुकटी होऊन जाते.

म्हणून जाणता व्यापारी ड्रम किती वेळ फिरवावा याचा विचार दोन बाजूंनी करतो. चकाकीमुळे सौद्यात दर किती वाढेल, आणि तुटीमुळे वजन किती घटेल. वाढलेला दर घटलेल्या वजनाची भरपाई करीत नाही, तेथे ड्रम थांबवावयाचा. त्यापुढची चकाकी डोळ्यांना सुखावते, पण वहीत तोटा लिहून जाते. गाडीच्या बाबतीत तोच व्यापारी हा विवेक विसरतो. कारण हळदीची भुकटी ड्रमखाली ढिगाने दिसते, तर क्लिअर कोटची तूट डोळ्यांना दिसतच नाही.

जुन्या ॲम्बॅसॅडर व पद्मिनी गाड्यांच्या काळी ही तूट दिसत असे. त्यांच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे, त्यामुळे पॉलिश करताना फडके गाडीच्याच रंगाचे होई आणि कारागिराचा हात आपोआप सावध होई. आता फडक्यावर काहीच उमटत नाही. रंगहीन वस्तूची झीजही रंगहीनच असते.

चरे येतात कोठून

पॉलिशची गरजच कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. त्यासाठी आपल्या भागात गाडीचे तेज कशाने जाते ते पाहिले पाहिजे.

साताऱ्याच्या पश्चिमेकडे पावसाळा दीर्घ असतो, तर सांगलीच्या पूर्वेकडील जत-आटपाडीकडे कोरडी धूळ. महामार्गाच्या रुंदीकरणाच्या कामांची माती त्यात भर घालते. उसाचा हंगाम सुरू झाला की पेटविलेल्या फडांची काजळी व कारखान्यांच्या धुराड्यांतील राख उभ्या गाड्यांवर येऊन बसते. यातील कोणताही कण स्वतःहून ओरखडा काढत नाही. ओरखडा काढतो तो सकाळी सुक्या फडक्याने गाडी पुसणारा हात. धूळ म्हणजे दगडाचेच चूर्ण. सुके फडके त्या चूर्णाला पॉलिश पेपर बनविते. उन्हात गाडीच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल-गोल बारीक रेघा दिसतात, त्यांतील बहुसंख्य या नित्याच्या पुसण्यातून आलेल्या असतात.

दुसरे कारण पाण्याचे. अनेक घरांतील कूपनलिकेच्या पाण्यात क्षार जास्त असतात. उन्हात धुतलेली गाडी आपोआप वाळू दिली की थेंबाच्या जागी पांढरे वलय उरते, आणि पुढे ते रंगात रुतते. पक्ष्यांची विष्ठा व झाडाचा चीक उन्हाळ्यात फार थोड्या वेळात क्लिअरला इजा करतात. ओल्या फडक्याने लगेच भिजवून अलगद उचलणे एवढे केले तरी पुढचे घासणे टळते.

म्हणून सावलीत, आधी भरपूर पाण्याने धूळ वाहवून, मग मऊ मायक्रोफायबर कापडाने, दोन बादल्या वापरून गाडी धुवावी. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत कापड खळबळण्याचे. शेवटी मऊ कोरड्या कापडाने पाणी टिपून घ्यावे. ही शिस्त पाळणाऱ्या घराला यंत्राच्या पॉलिशची गरज अनेक वर्षांतून एखाद्याच वेळी पडते.

पुरे झाले, हे कसे ओळखावे

आता मुख्य प्रश्न. यंत्र फिरू लागले, तर ते कोठे थांबवावे? जाणकार कारागीर पुढील खुणांवर भिस्त ठेवतात, आणि ग्राहकानेही त्या ओळखाव्यात.

पहिली खूण नखाची. काम सुरू होण्यापूर्वीच मोठ्या ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर तो ओरखडा पॉलिशच्या आवाक्याबाहेर आहे. त्याच्या मागे लागणे म्हणजे एका रेघेसाठी सारा पृष्ठभाग खाली उतरविणे. अशा ओरखड्याच्या कडा थोड्या सौम्य करून तो तसाच ठेवणे, हे शहाणपणाचे.

दुसरी खूण नमुन्याची. सारी गाडी हाती घेण्यापूर्वी बॉनेटवर दोन फूट लांब-रुंद जागेत सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ पॅड वापरून पाहावे. तेवढ्याने काम होत असेल तर कडक कंपाउंडची बाटली उघडण्याचे कारणच नाही. सौम्याकडून कडकाकडे जावे, कधीही उलट नाही.

तिसरी खूण दोन फेऱ्यांमधील फरकाची. पहिल्या फेरीने मोठा बदल होतो, दुसरीने थोडा. ज्या फेरीनंतर आधीच्यापेक्षा ठळक फरक दिसत नाही, ती फेरी शेवटची. घटत्या लाभाचा हा नियम व्यापारात सर्वांना परिचित आहे.

चौथी खूण उन्हाची. ट्यूबच्या उजेडात प्रत्येक गाडी देखणी दिसते. गाडी बाहेर काढून, पृष्ठभाग थंड असताना, सकाळच्या तिरप्या उन्हात हातभर अंतरावरून पाहावे. जाळ्यासारख्या रेघा या अंतरावरून डोळ्यांत भरत नसतील आणि समोरच्या खांबाचे प्रतिबिंब सरळ व स्वच्छ दिसत असेल, तर काम झाले. नाक लावून पाहिल्यावर दिसणाऱ्या दोन-चार रेघा हे काम अपुरे असल्याचे लक्षण मानू नये.

पाचवी खूण मोजणीची. रंगाची जाडी मोजणारे लहानसे यंत्र चांगल्या कारागिराकडे असते. कामापूर्वी व कामानंतर प्रत्येक भागावरील आकडे लिहून घ्यावेत. हे साधे यंत्र सर्व थरांची एकत्रित जाडी दाखविते, क्लिअर किती उरला ते वेगळे सांगत नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. तरीही दोन मोजण्यांमधील फरक म्हणजेच काढलेली रक्कम. ज्या व्यवहाराचा आकडा लिहिलेला नाही, त्यावर विसंबू नये, हा पेढीचा नियम येथेही लागू पडतो.

सहावी खूण धोक्याची. क्लिअर असलेल्या गाडीवर काम चालू असताना पॅडवर गाडीचा रंग उतरला, तर यंत्र त्याच क्षणी थांबवावे, कारण पारदर्शक थर तेथे संपला आहे. दाराच्या कडा, बॉनेटवरील उंच रेघा व कोपरे येथे रंग मुळातच पातळ बसतो आणि यंत्राचा दाब तेथेच एकवटतो. म्हणून चांगला कारागीर त्या कडांवर चिकटपट्टी लावून मगच यंत्र हाती घेतो. त्याने तसे केले की नाही, एवढे पाहिले तरी दुकानाची पारख होते.

आणखी एक गोष्ट. नव्या गाडीवरही प्रतिबिंब किंचित संत्र्याच्या सालीसारखे लहरदार दिसते. तो फवाऱ्याने बसविलेल्या रंगाचा स्वभाव आहे, दोष नव्हे. आरशासारखी सपाटी आणण्यासाठी ती साल घासून काढण्याचा आग्रह धरणारा ग्राहक आपल्याच मुद्दलावर हात टाकतो.

उसनी चकाकी

काही पॉलिशांत तेल व मेणासारखी द्रव्ये असतात. ती ओरखड्यांत बसून त्यांना झाकतात. गाडी दुकानातून निघताना निष्कलंक दिसते, आणि तीन-चार धुण्यांनंतर जुन्या रेघा पुन्हा वर येतात. ग्राहकास वाटते की पॉलिश उतरले. वास्तविक भरलेले द्रव्य वाहून गेलेले असते. याची परीक्षा सोपी आहे. काम संपल्यावर एका भागावरून पाण्यात मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडाने फिरवावे व मग उन्हात पाहावे. जे उरले ते खरे.

झाकणारे द्रव्य वापरणे हे स्वतः वाईट नाही. क्लिअर आधीच पातळ झालेल्या जुन्या गाडीला तेच हितकारक, कारण त्यात फारसे काही उतरत नाही. मात्र ग्राहकास तसे सांगून करावे. हळदीला वरून रंग लावून आणलेला उजळपणा आणि ड्रममध्ये घासून आलेला उजळपणा यांत फरक आहे, हे बाजार जाणतो. पहिला प्रकार कायद्याने गुन्हा ठरला, तो घेणाऱ्याची फसवणूक व आरोग्याची हानी होते म्हणून.

जुनी गाडी विकताना किंवा घेताना हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. घेणाऱ्याने जाडी मोजणारे यंत्र सोबत न्यावे. सर्व भागांवर ११०-१३० असे आकडे आणि एकाच दारावर २५० आले, तर ते दार पुन्हा रंगविलेले आहे. आकडा ५०० च्या पुढे गेला तर आत पुट्टी असण्याचा संभव मोठा. उलट टपावर ७०-८० असा फार कमी आकडा आला, तर तो भाग वारंवार घासला गेला असावा. विकणाऱ्याने दुरुस्ती आधीच सांगावी. एका गाडीच्या भावात थोडे कमी आले तरी चालेल. ज्याच्याशी वर्षानुवर्षे देणे-घेणे आहे, त्याच गावात शब्दाला उणेपणा येणे परवडत नाही.

पॉलिशनंतर

चकाकी आणल्यावर ती राखावी कशी? मेण हा जुना मार्ग. ब्राझीलमधील कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांपासून मिळणारे मेण काही आठवडे टिकते. ते खरोखर ‘चढते’, आणि घरी हातानेही लावता येते.

सिरॅमिक कोटिंग हा सिलिकावर आधारलेला थर असतो, आणि तो अधिक काळ टिकतो. पाणी व मळ त्यावरून सहज ओघळतात. पण त्याची जाडी फारतर काही मायक्रॉन असते. जाहिरातीतील ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कठीणतेच्या चाचणीचा आहे, रत्नांच्या कठीणतेचा नव्हे. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी तो अडवीत नाही. ते काम पारदर्शक जाड फिल्मचे. ती १५० ते २०० मायक्रॉनची असते आणि बरीच महाग पडते. कोटिंग करण्याआधी बहुतेक ठिकाणी पॉलिश केले जाते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी नवे कोटिंग म्हणजे दर वेळी नवे घासणेही, हे ध्यानात ठेवावे. नव्या कोऱ्या गाडीला सहसा कडक पॉलिशची गरज नसतेच. नुकत्याच रंगविलेल्या भागावर तर रंगाच्या उत्पादकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत काहीही लावू नये.

गाडी हे वापरण्याचे साधन आहे. ती बाजारात, शेतावर, लग्नकार्यास आणि दवाखान्यात जाणार, तिच्यावर ऊन, पाऊस व राख पडणार. तिच्या अंगावर एकही रेघ नसावी असा हट्ट धरणाऱ्याची गाडी काही वर्षांत पांढरट चट्ट्यांनी भरते, आणि थोड्या रेघा चालवून घेणाऱ्याची मूळ रंगातच राहते. तेव्हा पॉलिशसाठी गाडी देताना तीन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. काम सौम्य पॉलिशने सुरू करावे, आधीची व नंतरची जाडी लिहून द्यावी, आणि नखाला अडकणारे ओरखडे सोडून द्यावेत. या तीन अटी ज्या दुकानास मान्य असतील, तेथेच किल्ली द्यावी.